शांत मुलीची अद्भुत कादंबरी कशी लिहावी

तेरा-चौदा वर्षांची, कमी बोलणारी पण आतून ठाम असलेली मुलगी नायिका म्हणून घेऊन मराठीत अद्भुत कादंबरी लिहायला बसलेल्या लेखकापुढे पहिली अडचण उभी राहते ती एका शब्दाची. आपल्याकडे शांत मुलीचे कौतुक करताना 'सोशीक' हे विशेषण इतक्या सहजपणे तोंडी येते की शांत असणे आणि सोसणे या दोन गोष्टी एकच आहेत असे वाटू लागते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यापाठोपाठ मराठीत अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा एक मोठा काळ आला. त्या काळातील नायिका बहुधा संकटे सोसते, शील जपते आणि शेवटी तिला तिचे सुख परत मिळते. कथेला वळण देणारे निर्णय मात्र बहुतेक वेळा दुसरेच कोणीतरी घेतात. आज लिहिणाऱ्याने हा साचा न कळत उचलला, तर पार्श्वभूमीला कितीही जादू असली तरी त्याची नायिका दीडशे वर्षे जुनीच राहते.

म्हणून या लेखातील सगळ्या पायऱ्या एकाच आग्रहाभोवती बांधलेल्या आहेत. मुलीचा कणखरपणा तिने घेतलेल्या निर्णयांतून वाचकाला कळला पाहिजे, आणि कथानक असे बेतले पाहिजे की निरीक्षण, मोजदाद, संयम, चिकाटी या तिच्या शांत गुणांवाचून मुख्य गाठ सुटूच नये. शेवटच्या प्रकरणात तिच्या हाती तलवार द्यावी लागत असेल, तर आधीच्या सगळ्या प्रकरणांत तिला शांत ठेवण्याचे कारणच उरत नाही.

अशी नायिका आपल्या परंपरेला परकी नाही. मुक्ताबाई ही चार भावंडांत धाकटी. भाऊ ज्ञानेश्वर रुसून ताटी लावून आत बसतो आणि ही बाहेर उभी राहून त्याला ताटी उघडायला सांगते, असा ताटीच्या अभंगांचा प्रसंग आहे. ती दार ढकलत नाही आणि दारापाशी रडतही बसत नाही. ती त्याला तो कोण आहे याची आठवण देत राहते. चांगदेवाच्या कथेत तर अद्भुत अगदी उघड आहे. चौदाशे वर्षांचा योगी वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन येतो, भावंडे ज्या भिंतीवर बसली आहेत ती भिंत चालू लागते, आणि त्याने आधी पाठवलेले पत्र कोरे पाहून इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला असे म्हणणारी मुक्ताबाई पुढे त्याचीच गुरू होते. एवढ्या सगळ्या चमत्कारांत वाचकाच्या लक्षात राहतो तो त्या मुलीने केलेला एक अचूक शेरा. कादंबरी लिहिण्यापूर्वी या कथेची रचना एकदा कागदावर मांडून पाहावी, असा माझा आग्रह आहे.

पहिली पायरी: तिचे गप्प असणे नेमके कोणते, हे ठरवा

मराठीत न बोलण्याला अनेक नावे आहेत आणि प्रत्येक नावामागे वेगळा स्वभाव आहे. 'अबोल' मुलीला बोलण्याची गरज वाटत नाही. 'घुमी' मुलगी मनात काहीतरी धरून बसलेली असते. 'मुखदुर्बळ' मुलीला बोलायचे असते, पण ऐन वेळी शब्द बाहेर पडत नाहीत. 'मूग गिळून' बसणारीला सत्य माहीत असते आणि ती ते हेतुपुरस्सर सांगत नाही. 'अबोला धरणे' ही तर सरळसरळ कृती आहे. ते एक हत्यार आहे आणि ते कोणाविरुद्ध तरी उगारलेले असते. लेखकाने यांपैकी एक स्वभाव निवडावा आणि कादंबरीच्या ओघात ती कोणत्या गप्प राहण्याकडून कोणत्या गप्प राहण्याकडे जाते, हे एका वाक्यात लिहून ठेवावे. 'मूग गिळून बसणारी मुलगी शेवटी अबोल होते' हे वाक्य दिसायला साधे आहे, पण त्यात एक पूर्ण कादंबरी आहे: आधी ती भीतीपोटी सत्य दडवत होती, आता बोलण्याजोगे सगळे बोलून झाल्यामुळे ती निवांत आहे.

त्यानंतर तिचा गुण विशेषणाऐवजी क्रियापदाने सांगा. 'ती धीराची होती' या वाक्यातून लेखकाला पुढचे पान सुचत नाही. 'ती मोजते' या वाक्यातून सुचते. काय मोजते, कशाने मोजते, कोणी शिकवले, चुकले तर काय होते, तिच्या मोजण्यावर कोणाचा विश्वास नाही, असे प्रश्न आपोआप रांगेने येतात. पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी मी हीच मुलगी उदाहरणाला घेतो. तिचे नाव सावू, वय तेरा, आणि ती मोजते.

दुसरी पायरी: जग एखाद्या खऱ्या कामावर उभे करा

फँटसी म्हटली की अनेकांची लेखणी पहिल्यांदा नकाशा, राजघराणी आणि युद्धांचा इतिहास यांकडे वळते. शांत नायिकेला या गोष्टींचा फारसा उपयोग नाही, कारण तिची ताकद दरबारात दिसत नाही, रोजच्या कामात दिसते. त्यामुळे जगाचा पाया एखाद्या खऱ्या, गुंतागुंतीच्या, सामूहिक कामावर घालावा. असे काम शोधायला दूर जावे लागत नाही. मी रायगडच्या किनाऱ्यावरील खारभूमी निवडतो, कारण ती मुळातच अद्भुत आहे: समुद्राच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेल्या जमिनीत माणसे गोड्या पाण्याचा भात पिकवतात.

ही व्यवस्था समजून घेतली की कादंबरीचे अर्धे जग हाती येते. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध असतो. बांधाबाहेर तिवरांची झाडी लाटांचा जोर मोडते. बांधात ठरावीक जागी उघाडी असते. तिच्या झडपा भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने उघडतात, म्हणजे खारे पाणी आत येत नाही आणि साचलेले गोडे पाणी बाहेर जाते. पहिल्या पावसात जमिनीतील मीठ धुऊन निघते आणि मग लावणी होते. खेकड्याच्या एका बिळातून पाझर सुरू होतो, पाझराची धार होते, धारेने बांध खचतो आणि खांड पडते. एकदा खारे पाणी शेतात पसरले की त्या वर्षीचे पीक जातेच, शिवाय जमीन पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे लागू शकतात. बांध कोणा एकाचा नसतो; ज्यांची जमीन त्यांनी मिळून त्याची राखण करायची, अशी पूर्वी रीत होती. गोव्यात अशाच जमिनींना खाजण म्हणतात आणि उघाडीला मानस.

आता याच भूगोलातून काळाचे माप घ्या. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. एक घटका २४ मिनिटांची असल्यामुळे भरती रोज दोन घटका मागे सरकते, असे कादंबरीतील माणसे म्हणू शकतात, आणि ते खरेही असेल. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीची ढोबळ वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते आणि अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती असते. सावूला हा हिशेब आजीने शिकवलेला आहे. तेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात चंद्र, समुद्र आणि शेत यांचे असे चालते घड्याळ असेल, तर वाचकाला तिची ताकद सांगावी लागत नाही.

खऱ्या व्यवस्थेचा अभ्यास करताना पुस्तकांइतकेच माणसांकडे जावे. बांधावर काम केलेल्या वयस्कर बाईंना 'खांड पडली ती रात्र कशी होती' एवढेच विचारावे आणि मध्ये न बोलता ऐकावे. त्या ज्या क्रमाने सांगतील, तो क्रम टिपून ठेवावा. बहुधा त्या आवाजापासून सुरुवात करतात, आणि आपण घरी बसून लिहिलेल्या प्रसंगात सुरुवात हमखास दृश्यापासून झालेली असते.

तिसरी पायरी: एकच अद्भुत शक्ती, आणि तिचा हिशेब

अद्भुताचा नियम जितका थोडका, तितकी शांत नायिका ठळक दिसते. माझ्या उदाहरणात नियम असा आहे: सावूच्या घराण्यातील बायकांना भरतीला एक घटका थांबवता येते. पाणी त्यांचे ऐकते, पण थांबलेले पाणी हे उसने पाणी असते. ते पुढच्या उधाणाला परत येते, आणि येताना वाढून येते. परत न केलेले पाणी साठत जाते. प्रत्येक उसनवारीची एक गाठ दोरीत मारून ठेवायची, आणि पाणी फेडले की ती गाठ सोडायची.

एवढ्या नियमातून संघर्षाची बीजे आपोआप पडतात. खारीचा कारभारी बांध पुढे सरकवून जमीन वाढवू पाहतो, त्यासाठी त्याला पाणी थांबवून हवे असते, आणि आजीने गावाच्या भल्यासाठी म्हणून वर्षानुवर्षे त्याचे ऐकलेले असते. गाठी वाढत गेलेल्या असतात. आजीची नजर अधू झाल्यावर दोरी सावूच्या हाती येते, आणि मोजणाऱ्या मुलीच्या लक्षात येते की फेड कधी झालेलीच नाही.

इथे दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पहिली म्हणजे, शक्ती वापरल्याची किंमत नायिकेच्या शरीरावर नेऊ नये; प्रत्येक वेळी नाकातून रक्त आणि मग बेशुद्धी, ही आता सवयीची झालेली सोय आहे, आणि तिच्यामुळे मुलगी पुन्हा सोसणारीच ठरते. किंमत जगावर पडू द्यावी, म्हणजे तिला निर्णय घ्यावा लागतो. दुसरी म्हणजे, आजीला पहिल्या प्रकरणात मारू नये. जिवंत आजी, जी प्रेमळ आहे आणि चुकलेलीही आहे, ती सावूला कोणत्याही राक्षसापेक्षा अधिक कठीण प्रश्न विचारते.

परंपरेतील अद्भुत आणायचे असेल तर ते त्याच मातीतले असावे. पाण्याशी गिऱ्हा आहे, पाणवठ्यावर साती आसरा आहेत, गावाच्या शिवेवर राखणदार आहे. मात्र आसरा आणि राखणदार ही आजही अनेकांची श्रद्धास्थाने आहेत. त्यांना केवळ भीतीचे बाहुले करू नये. राखणदाराला कथेत आणले, तर तो गावाशी कोणत्या कराराने बांधलेला आहे, हेही कथेत यावे.

चौथी पायरी: निर्णयांची चढण

कथानकाचा आराखडा घटनांनी मांडण्याऐवजी नायिकेच्या निर्णयांनी मांडावा. एका कागदावर तिचे पाच किंवा सहा निर्णय लिहावेत, आणि प्रत्येकासमोर तिने त्यासाठी काय गमावले ते लिहावे. सावूचे निर्णय असे आहेत. दोरीच्या गाठी दोनदा मोजूनही ती कोणाला सांगत नाही. यात ती आपली चुलतबहीण मंगी हिचा विश्वास गमावते. ती आजीला एकटीने विचारते. यात घरातली शांतता जाते. कारभारी तिला पाणी थांबवायला सांगतो तेव्हा ती थांबवत नाही. यात काकाची मजुरी जाते. ती दोरी गावापुढे ठेवते. यात आजीची अब्रू जाते. आणि शेवटी ती फेड कोणत्या शेतातून करायची ते ठरवते.

या यादीतील पहिल्या निर्णयाकडे नीट पाहावे, कारण तो चुकीचा आहे. शांत नायिकेच्या गप्प राहण्याने कथेत एकदा तरी कोणाचे तरी खरे नुकसान झाले पाहिजे. सावू वेळीच बोलली असती तर मंगीच्या घरचे त्या तुकड्यात लावणी करून बसले नसते. हा प्रसंग नसेल तर मुलीची मूर्ती होते, आणि मूर्तीबरोबर वाचक तीनशे पाने चालत नाही.

तिसरा निर्णय 'न करण्याचा' आहे, आणि नवोदित लेखकाला नेमका तोच लिहायला अवघड जातो, कारण न करण्यात दृश्य काय दाखवायचे हे सुचत नाही. याच किनाऱ्याचा इतिहास इथे मदतीला येतो. अलिबागजवळच्या चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालला. संपाचे स्वरूप होते जमीन न कसणे. पेरणीच्या दिवसांत ओसाड पडलेली जमीन, कोपऱ्यात उभा केलेला नांगर, वाट पाहणारा खोत, आणि घरात रोज कमी होत जाणारे धान्य, हे सगळे न करण्याचेच दृश्य आहे. सावू पाणी थांबवत नाही त्या प्रकरणात तिच्याकडे पाहूच नये, कारभाऱ्याकडे पाहावे. त्याची नजर पाण्यावर आहे, पाणी चढते आहे, आणि त्याला हळूहळू कळते आहे की ही मुलगी काही करणार नाही.

पाचवी पायरी: प्रसंग जवळून लिहा

आराखडा कितीही चांगला असला तरी नायिका जगते किंवा मरते ती परिच्छेदात. एकच प्रसंग दोन प्रकारे लिहून पाहू. बांधाला पाझर लागला आहे आणि तो प्रथम सावूच्या लक्षात येतो. पहिल्या खर्ड्यात साधारणपणे असे लिहिले जाते:

'सावूने बांधाला पडलेले भोक पाहिले आणि तिच्या काळजाचा ठोका चुकला. ती घाबरली होती, पण तिच्या मनात अपार धैर्य होते. आता गावाला वाचवणे आपल्याच हाती आहे, हे त्या अबोल मुलीने ओळखले. डोळ्यांतले पाणी मागे सारून ती निर्धाराने पुढे झाली.'

या चार वाक्यांत वाचकाला चार निष्कर्ष मिळाले आणि एकही वस्तू मिळाली नाही. भोक केवढे, पाणी कसे, तिने केले काय, यातले काहीच दिसत नाही. आता दुसरा खर्डा:

'सावू बांधाच्या आतल्या उतारावर उकिडवी बसली. चिखलात अंगठा जाईल एवढे बीळ होते आणि त्यातून येणारे पाणी थेंबाथेंबाने न येता सलग येत होते. तिने बोट बुडवून जिभेला लावले. खारट. वर काका कोणाशी तरी मजुरीवरून बोलत होता. तिने बिळावर टाच रोवली, दोन्ही हातांनी बाजूचा गाळ ओढून पायाभोवती थापला आणि तिवरांच्या खोडांकडे पाहू लागली. पाण्याची ओली रेघ खोडावर बोटभर वर दिसत होती. म्हणजे भरती उतरायला लागली होती.

"काय गं, तिथं काय करतेस?" काकाने वरून विचारले.

"टाच काढली की वाहील."

काका घसरत खाली आला. "थांब, मी आत माती कोंबतो."

"आतून नाही राहत. बाहेरून भरायचं, पाणी खाली गेलं की." तिने पुन्हा खोडाकडे पाहिले. "अजून दोन घटका. माती आण, काका."'

दुसऱ्या खर्ड्यात धैर्य, निर्धार, अबोल यांपैकी एकही शब्द नाही. तिची भीती कुठे गेली असे कोणी विचारेल, तर ती टाचेखाली आहे. दोन घटका पाय न हलवता उभे राहणाऱ्या मुलीला धोका कळलेला आहे, हे वाचकाला समजते. शिवाय तिच्या ज्ञानामुळे प्रसंग पुढे सरकतो: काकाचा उपाय चूक आहे, आणि ते ती त्याला न दुखावता सांगते.

शेवटचे वाक्य मुद्दाम पाहावे. 'काका, जरा माती आणतोस का?' आणि 'माती आण, काका' या दोन वाक्यांत मराठी माणसाला लगेच कळणारे अंतर आहे. मराठीत अधिकार हा 'जरा', 'ना', 'का', 'बरं' अशा बारक्या शब्दांच्या असण्या-नसण्यात असतो. कादंबरीच्या पहिल्या तृतीयांशात सावूच्या बोलण्यात हे शब्द असू द्यावेत आणि पुढे ते एकेक करून गळू द्यावेत. त्याच वेळी इतरांचे तिला हाक मारणे बदलत न्यावे: कारभारी तिला आधी 'ए पोरी' म्हणतो, मग 'म्हातारीची नात', मग नावाने, आणि एका प्रसंगी, लोकांसमोर, त्याच्या तोंडून 'सावूबाई' निघून जाते. यावर निवेदकाने काहीही भाष्य करू नये. वाचक ते ऐकतो.

सहावी पायरी: निवेदन, आणि बोलणारी सोबत

निवेदन तृतीयपुरुषी, पण सावूच्या खांद्यावरून पाहणारे असावे, असे माझे मत आहे. प्रथमपुरुषात अडचण अशी की बाहेर चार शब्द बोलणारी मुलगी वाचकाशी साठ हजार शब्द बोलते आणि तिचे अबोलपण आतून विरघळून जाते. एखाद्या लेखकाला हा विरोधाभासच हवा असेल, तर त्याने तो जरूर वापरावा, पण मग तिची आतली भाषाही मोजकी आणि वस्तूंना धरून असली पाहिजे.

नायिका कमी बोलते म्हणून कादंबरीत संवाद कमी पडतात. त्यासाठी मंगी आहे. ती अखंड बोलते, अंदाज करते, चुकते, भांडते, आणि तिच्या बोलण्याच्या मध्येमध्ये सावूचे एकेक वाक्य खडा पडावा तसे पडते. अशी सोबत केवळ विनोदासाठी ठेवू नये. मंगीला स्वतःची तहान-भूक असावी, स्वतःचे शेत असावे, आणि सावूने दडवलेल्या गोष्टीचा फटका तिलाच बसावा.

बोलीचा वापर संवादापुरता आणि बेताने करावा. जी बोली आपण घरात ऐकलेली नाही ती पानभर लिहू नये. दोन-चार पक्के शब्द आणि वाक्याचा ठेका घ्यावा, आणि छापण्यापूर्वी ती बोली बोलणाऱ्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घ्यावी.

सातवी पायरी: शेवटचा प्रसंग

कळस कोणत्या दिवशी येतो हे तिथीने ठरवावे. माझ्या आराखड्यात तो श्रावणी पौर्णिमेला आहे. लावणी झालेली आहे, भात गुडघाभर आहे, दर्यावर लोक नारळ वाहतात तो दिवस आहे, आणि उधाणाचे पाणी साठलेल्या उसनवारीसकट येणार आहे. काही पंधरवडे आधी असते तर गमावण्याजोगे पीक नसते, आणि कापणीनंतर असते तर भात घरात आलेला असता.

आदल्या दिवशी गाव जमते. कारभारी बोलतो, काका बोलतो, मंगी रडत बोलते. सावू उठते आणि आजीची दोरी जमिनीवर लांब सोडते; ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचते आणि तरी उरते. 'मोजा,' ती म्हणते. मग एक म्हातारा शेतकरी वाकून मोजू लागतो, त्याचा आकडा चुकतो, दुसरा पुढे येतो, आणि थोड्या वेळाने अर्धे गाव गुडघ्यांवर बसून गाठी मोजत असते. या प्रसंगात तिच्या तोंडी लांब भाषण घालण्याचा मोह फार मोठा असतो. तो टाळावा. सगळी कादंबरी या एका शब्दासाठी लिहिली आहे, असे समजून आधीच्या प्रकरणांत गाठी, आकडे आणि दोरीची लांबी यांची पेरणी करून ठेवावी, म्हणजे इथे काही समजावून सांगावे लागणार नाही.

पाणी फेडायचे तर ते कोठून तरी आत घ्यावेच लागते. उघाडीच्या झडपा दोरांनी वर धरून एका शेतात पाणी घ्यायचे, ते भरले की पुढच्या शेतात, असे केले तर बांध वाचतो आणि बाकीचे पीक वाचते. पहिले शेत कोणाचे, हा प्रश्न आहे. सावू आपल्या घराचे शेत देते, पण ते देण्यापूर्वी आईला विचारते, कारण ते शेत तिच्या एकटीचे नाही. आई लगेच हो म्हणत नाही. हे संभाषण दोन पाने चालले तरी चालेल. पाण्याच्या वर्णनाला एक पान पुरे.

आठवी पायरी: खर्डे आणि तपासणी

किशोर वाचकांसाठी पन्नास ते साठ हजार शब्द पुरेसे आहेत. दोन हजार शब्दांची एक बैठक धरली तर तीस बैठकांत पहिला खर्डा होतो. मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा, म्हणजे पुढे मुद्रणाच्या वेळी अक्षरे बदलण्याचा त्रास होत नाही, आणि प्रत्येक आठवड्याची प्रत वेगळी जपून ठेवावी.

खर्डा झाल्यावर तो निदान तीन आठवडे बाजूला ठेवावा. नंतरची पहिली तपासणी शब्दांची. 'धैर्य', 'निर्धार', 'शांतपणे', 'अबोल', 'सहन केले', 'डोळे पाणावले' हे शब्द शोधून प्रत्येकाखाली रेघ मारावी. निवेदकाने सावूची केलेली स्तुती पूर्ण काढावी. इतर पात्रांनी केलेली स्तुती एखाद-दुसरी ठेवावी, आणि तीही तिच्या माघारी केलेली.

दुसरी तपासणी निर्णयांची. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी समासात लिहावे की या प्रकरणात सावूने काय ठरवले. ओळीने तीन प्रकरणे कोरी राहिली, तर तिथे कथा तिच्यावर घडते आहे. ती प्रकरणे जोडून एक करावीत किंवा त्यांत तिला काहीतरी निवडायला लावावे.

तिसरी तपासणी पाण्याची, आणि ही मला सर्वांत आवडते. एका मोठ्या कागदावर तिथींचा तक्ता करावा आणि प्रत्येक प्रसंग त्याच्या तिथीपाशी लिहावा. सप्तमीच्या प्रसंगात दुपारी बारा वाजता पूर्ण भरती दाखवली असेल, तर किनाऱ्यावरच्या वाचकाचा कादंबरीवरचा विश्वास त्याच ओळीत उडेल. सात पाऊणे सव्वापाच, म्हणजे प्रसंग संध्याकाळकडे न्यावा लागेल, आणि मग उजेड, माणसांची ये-जा, काकाची घरी परतण्याची घाई, हे सगळे बदलावे लागेल. अशा एका दुरुस्तीने प्रसंग अनेकदा पहिल्यापेक्षा चांगला होतो, कारण खऱ्या जगाने लेखकाला त्याच्या सवयीबाहेर ढकललेले असते.

त्यानंतर हस्तलिखित दोन वाचकांना द्यावे: एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी, आणि एक बांधावर काम केलेले माणूस. मुलीला 'आवडली का' असे विचारू नये. 'सावूने कुठे चूक केली असे तुला वाटले?' असे विचारावे. तिने पटकन एखादी चूक सांगितली आणि वर सावूची बाजूही घेतली, तर प्रकाशकाकडे पाठवण्याइतकी कादंबरी तयार झाली आहे. तिला एकही चूक सापडली नाही, तर पुन्हा चौथ्या पायरीवर जाऊन तो पाच निर्णयांचा कागद काढावा.